‘कार्स २’ पुन्हा बघताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडला स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटर सांभाळते. बिलबुकाशेजारी गंजक्या रंगाची, बोनेट नसलेली एक खेळण्यातली टोचनगाडी ठेवलीय. ती दिसली की कुणी ना कुणी विचारतंच, ‘ताई, ही त्या गाड्यांच्या पिक्चरमधली ना?’ पहिल्या भागाचं सगळे कौतुक करतात. दुसऱ्याचं नाव काढलं की तोंड वाकडं. मी म्हणते, मला दुसराच जास्त जवळचा आहे. मग प्रश्न सुरू होतात, आणि ते दरवेळी तेच असतात. दुकानात गर्दी असताना धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलंय. पुढे शेवटासकट सगळी गोष्ट फोडली आहे. पाहिला नसेल तर आधी बघून या, १०६ मिनिटांचा आहे.

थोडक्यात गोष्ट काय आहे?

‘कार्स’ २००६ मध्ये आला. पिक्सार या अमेरिकन अ‍ॅनिमेशन कंपनीचा पिक्चर, माणूस एकही नाही, सगळ्या गाड्याच. लायटनिंग मॅक्वीन नावाची घमेंडी रेसची गाडी रेडिएटर स्प्रिंग्ज नावाच्या विसरल्या गेलेल्या गावात अडकते आणि तिथे तिला थांबायला शिकवलं जातं. त्या गावात मेटर नावाची एक जुनी टोचनगाडी असते. भाबडी, बडबडी, गंजलेली.

२०११ च्या दुसऱ्या भागात मॅक्वीन तीन शर्यतींच्या जागतिक स्पर्धेला जातो. एक टोकियोत, एक इटलीतल्या पोर्टो कोर्सा नावाच्या काल्पनिक गावात, एक लंडनला. या वेळी तो मेटरला बरोबर नेतो. तिथे फिन मॅकमिसाइल आणि हॉली शिफ्टवेल हे दोन ब्रिटिश हेर मेटरलाच अमेरिकन गुप्तहेर समजतात. स्पर्धा भरवणारा सर माइल्स अ‍ॅक्सलरॉड ‘अ‍ॅलिनॉल’ नावाच्या नव्या पर्यायी इंधनाची जाहिरात करत असतो, आणि ते इंधन भरलेल्या गाड्यांची इंजिनं भर शर्यतीत फुटायला लागतात. यामागे कोण, हे शेवटी मेटर शोधून काढतो.

लोकांना तो एवढा का आवडला नाही?

कारणं खरी आहेत, मी ती नाकारत नाही. १९९५ पासून पिक्सारचे अकरा पिक्चर आले आणि त्या प्रत्येकाचं समीक्षकांनी कौतुक केलं. हा बारावा. त्याच्या आदल्याच वर्षी ‘टॉय स्टोरी ३’ बघून लोक थिएटरातून डोळे पुसत बाहेर पडले होते. त्याच्या पाठोपाठ हेरगिरी, मिसाइल आणि संडासातला विनोद आला. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर चांगल्या परीक्षणांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास अडकलं. पिक्सारच्या बाबतीत असं आधी कधीच झालं नव्हतं. अ‍ॅनिमेशनपटांसाठी वेगळं ऑस्कर सुरू झाल्यापासून पिक्सारचा पिक्चर त्या वर्षी स्पर्धेत असूनही नामांकन मिळालं नाही, असंही तेव्हाच पहिल्यांदा घडलं.

आणि मुख्य म्हणजे लोक मॅक्वीनला बघायला गेले होते. त्यांच्यासमोर मेटर आला. ताटात बाजूला वाढलेल्या शेंगाचटणीचीच कुणी भाजी केली, असं त्यांना वाटलं.

तुम्हाला पहिल्यांदा बघताना आवडला होता का?

नाही. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. मैत्रिणींबरोबर गेले आणि मध्यंतरापासूनच चुळबुळ सुरू झाली. बाहेर येऊन सगळ्यांत मोठ्यांदा मीच म्हणाले, ‘वाट लावली पहिल्या पिक्चरची.’ मेटरचा मला राग आला होता. टोकियोच्या भारी पार्टीत तो हिरव्या वसाबीला पिस्त्याचं आइस्क्रीम समजून मोठा घास घेतो आणि मग पाणी शोधत सैरावैरा पळतो. लोक हसत होते, मला मात्र खुर्चीत अंग चोरावंसं वाटत होतं. तेव्हा मी समजले, विनोद पांचट आहे म्हणून असं होतंय.

मग मत कधी बदललं?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये. आमच्या अप्पांचं गॅरेज होतं, जुन्या बुलेटचं काम करायला जिल्ह्यातून लोक यायचे. डोळ्यांनी साथ सोडली तसं त्यांनी काम बंद केलं होतं. मार्च-एप्रिलचं सोलापूरचं ऊन, घरात कोंडलेलं सगळं घर, टीव्हीवर त्याच त्याच बातम्या. एका दुपारी भाच्यासाठी मी हा पिक्चर लावला. अप्पा कॉटवर पडूनच बघत होते. इंग्रजी त्यांना कळत नाही, मी अधूनमधून सांगत होते.

निम्मा पिक्चर झाल्यावर एक प्रसंग येतो. हेरांच्या हाती एका अनोळखी इंजिनाचा फोटो लागलेला असतो. जगभरची उपकरणं असलेले ते दोघं, पण त्यांना त्यातलं काही उमगत नाही. मेटर नुसता बघतो आणि सांगतो, हे जुनं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ आहे, वायरिंग लुकासचं आहे, आणि बोल्ट व्हिटवर्थचे. ते बोल्ट म्हणजे डोक्याला ताप, ना मिलिमीटरात बसत, ना इंचात.

‘व्हिटवर्थ’ हा शब्द कानावर पडताच अप्पा उठून बसले. म्हणाले, ‘काय म्हन्ला त्यो? व्हिटवर्थ म्हन्ला का?’ मी मागे नेऊन परत लावलं. अप्पा म्हणाले, ‘बरोबर हाय की. त्येला आपला पाना बसायचा न्हाई.’ मी हा पिक्चर आधी पाहिला होता, त्यावर मतही ठोकलं होतं, आणि त्यातलं मुख्य वाक्य मला ऐकूच आलं नव्हतं.

हे व्हिटवर्थ म्हणजे नेमकं काय? त्यावर एवढं काय अवलंबून आहे?

सगळं त्यावरच आहे, म्हणून जरा बैजवार सांगते.

पूर्वी प्रत्येक कारखाना बोल्टचे आटे आपल्या मनाने पाडायचा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागायचा नाही. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं. आट्याचा कोन ५५ अंश आणि टोकं गोलसर. ते इंग्लंडभर रुळलं. पुढे अमेरिकेने आणि मेट्रिकवाल्यांनी ६० अंशाचा कोन धरला, आणि इंग्रजी यंत्रं तेवढी वेगळी पडली.

गॅरेजवाल्याला त्रास होतो तो पान्याचा. व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या दांड्याचा, डोक्याचा नाही. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टचं डोकं येतं साधारण १३.३ मिलिमीटर. १३ चा पाना त्यावर चढतच नाही. १४ चा चढतो, पण ढिला बसतो, आणि जोर लावला की डोक्याचे कोपरे गोल होतात. कोपरे गोल झाले की पुढचा अर्धा दिवस छिन्नी-हातोडीत गेलाच. नवशिका पोरगा पहिल्यांदा हमखास १४ चा लावतो. मद्रासच्या जुन्या बुलेटवर या इंग्रजी घराण्यातले आटे जागोजागी भेटायचे, म्हणून अप्पांनी त्या पान्यांचा वेगळा डबा ठेवला होता. त्याला आम्हा भावंडांना हात लावू द्यायचे नाहीत.

लुकासचंही तसंच. त्या कंपनीच्या दिव्यांनी इतक्यांना दगा दिला, की जोसेफ लुकासला इंग्रज गाडीवाले ‘अंधाराचा राजा’ म्हणायचे.

आता शेवट आठवा. मेटरच्या अंगावर बॉम्ब बसवलेला असतो. पहिल्या भागापासूनचा पिट-मेकॅनिक ग्विडो तो काढायला जातो, एकामागून एक पाने लावून बघतो. एकही बसत नाही. त्याच क्षणी मेटरच्या डोक्यात उजेड पडतो. बॉम्बवर तेच बोल्ट आहेत, जे फोटोतल्या इंजिनावर होते. म्हणजे इंजिनवाला आणि बॉम्बवाला एकच, आणि तो जुन्या इंग्रजी इंजिनाची गाडी आहे. अ‍ॅक्सलरॉड जगाला सांगत फिरतो की मी आता विजेवर चालतो. ते खोटं आहे. त्याच्या पोटात अजून तेच इंजिन आहे.

जगातल्या सगळ्या हेरपटांत शेवटी कोण जास्त चपळ किंवा कोणाचं यंत्र जास्त भारी यावर निकाल लागतो. इथे निकाल लागतो, पाना बसत नाही यावर. हात काळे केलेल्या माणसालाच कळेल अशी ही खूण आहे. दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांचे वडील कॅलिफोर्नियात शेव्हरोलेटच्या डीलरकडे पार्ट विभाग सांभाळायचे. हे मला नंतर कळलं आणि अजिबात नवल वाटलं नाही. माझी सगळी हयात पार्ट नंबर शोधण्यात चाललीय. दुर्मिळ मूळ पार्ट कोणाकडून आले हे शोधत हेर पॅरिसच्या पार्टविक्याकडे जातात, तो धागाही मेटरच देतो. फोटोत सगळे मूळ पार्ट आहेत आणि ते मिळणं अवघड आहे, हे त्यालाच दिसतं. आमच्या काउंटरवर रोज हेच चालतं.

पण मेटर एवढा बावळट दाखवायची काय गरज होती?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी मधला एक प्रसंग नीट बघावा. फिन मेटरचं तोंड भरून कौतुक करतो. म्हणतो, तुझं सोंग अफाट आहे, तू इतका हुबेहूब मूर्ख दिसतोस की कुणाला संशयही येत नाही. मेटर गप्प होतो. त्याने सोंग घेतलेलंच नसतं. पुढे त्याला पकडल्यावर जुने सगळे प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढून जातात, आणि लोक आपल्याबरोबर नाही, आपल्यावर हसत होते, हे त्याला तेव्हा कळतं. तिथे विनोद नाही. आधीच्या तासाभरात आपण जिथे जिथे हसलो तिथे आपणही त्या पार्टीतल्या लोकांत होतो, हे तो प्रसंग आपल्यालाच सांगतो.

आणि पार्टीतलं ते तेल! टोकियोच्या पार्टीत फरशीवर तेलाचं थारोळं दिसतं. अ‍ॅक्सलरॉड शेजारी उभा असतो. सगळे मेटरकडे बघतात. मॅक्वीनला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मेटर म्हणतो, मी कधी गळत नाही, पण कोण ऐकतं? गंजकी गाडी आणि तेल, एवढं पुरेसं असतं. शेवटी कळतं, ते तेल अ‍ॅक्सलरॉडचं होतं. जुनं इंग्रजी इंजिन, गळणारच. मॅक्वीनला ज्याची लाज वाटली, ते मेटरचं नव्हतंच.

पुण्यात मला खुर्चीत अंग का चोरावंसं वाटलं, ते या दुसऱ्या वेळी कळलं. पिक्चर बघितला त्याच वर्षी अप्पा एकदा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने मला भेटायला पुण्याला आले होते. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि थंडी येणार म्हणून एक चादर. शर्ट धुतलेला होता, पण नखांतलं काळं कितीही घासलं तरी जात नाही. मी त्यांना हॉस्टेलच्या गेटवरच भेटले. मैत्रिणी आत चहा घेत बसल्या होत्या, पण मी त्यांना बाहेर बोलावलं नाही. अप्पांना म्हणाले, ‘लेक्चर आहे, पळते मी.’ लेक्चर नव्हतं. अप्पा म्हणाले, ‘जा की, जा,’ आणि पिशवी माझ्या हातात देऊन उन्हात रस्ता ओलांडून गेले.

पोचे न काढण्याचा प्रसंग तुम्हाला एवढा का आवडतो?

वेषांतर करताना हॉली मेटरचा एक पोचा काढायला जाते. एरवी सगळ्याला तयार असलेला मेटर तिथे अडतो. हे पोचे तो कुणाला ठोकू देत नाही, भरू देत नाही, रंगवू देत नाही. कारण त्यातला एकेक पोचा मॅक्वीनबरोबर असताना पडलाय, आणि त्याला ते मोलाचे वाटतात. ज्या मित्राने आदल्याच शर्यतीनंतर त्याला नको नको ते ऐकवलंय, त्याच्याबद्दल तो हे बोलतो.

डेंटिंगचं काम मी लहानपणापासून पाहिलंय. आतून लाकडाचा ठोकळा धरायचा, बाहेरून हलक्या हाताने ठोकत यायचं, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, परत भरायची. चांगला डेंटर काम करून गेला की हात फिरवूनही जागा सापडत नाही. तरी आमच्याकडे असे लोक यायचे जे म्हणायचे, ‘इंजिनाचं बघा, टाकीवरचा पोचा असू द्या.’ कुणाच्या वडिलांच्या हातून पडलेला असायचा, कुणी लग्न ठरायच्या दिवशी घसरलेला असायचा. अप्पा कारण विचारायचे नाहीत, टाकीवर फडकं बांधून मग काम सुरू करायचे.

खलनायक म्हणून भंगार गाड्याच का? हे गरिबांची चेष्टा करण्यासारखं नाही का?

हा सगळ्यांत चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. ग्रेमलिन, पेसर, युगो अशा ज्या गाड्यांची एकेकाळी नालायक म्हणून खिल्ली उडाली, त्याच या पिक्चरात गुंड आहेत. इंग्रजीत अशा गाड्यांना ‘लेमन’ म्हणतात. त्यांचा म्होरक्या सांगतो की आम्हाला आयुष्यभर हसलं गेलं, आता आम्ही जगातल्या सगळ्यांत ताकदवान गाड्या होणार. त्यांचं दुःख खरं आहे. मेटरलाही आयुष्यभर हसलंच गेलंय. एकाच अपमानातून दोन वाटा फुटतात, ही कल्पना मोठी आहे. पण पिक्चर तिथे थांबत नाही. मेटर आणि त्या गाड्या यांचं एक तरी सरळ बोलणं व्हायला हवं होतं. ते नाही, आणि ती खोट मी झाकणार नाही.

आणखी काय खटकतं?

मारामारी. एका हेराला शत्रू पकडतात आणि त्याचं इंजिन फोडून मारतात, दुसऱ्याचा दाबून चौकोनी ठोकळा केलेला दिसतो. हसत्या-बोलत्या गाड्यांच्या जगात हे फार कडू लागतं. मॅक्वीनला स्वतःची गोष्टच उरत नाही. टोकियोतला संडासाचा प्रसंग मी आजही पुढे ढकलते.

डॉक हडसनचं काय केलं? त्याला विसरलेच ना?

डॉक म्हणजे पहिल्या भागात मॅक्वीनला शिकवणारी जुनी रेसची गाडी. तिला आवाज देणारे पॉल न्यूमन २००८ मध्ये गेले. त्यांच्या आवाजाशिवाय डॉक नको, हा निर्णय मला पटतो. सुरुवातीला पिस्टन कप या शर्यतीच्या चषकाला डॉकचं नाव दिलेलं दिसतं, मॅक्वीन आणि मेटर त्याच्या आठवणीच्या खोलीत थोडे थांबतात, आणि गोष्ट पुढे सरकते. थोडं फार लवकर सरकते. २०१७ च्या तिसऱ्या भागाने न्यूमन यांची जुनी, न वापरलेली ध्वनिमुद्रणं वापरून ती भरपाई केली.

तो फक्त खेळणी विकायलाच काढला होता, असं म्हणतात?

‘कार्स’ची खेळणी प्रचंड विकली गेली हे खरं, आणि दुसऱ्या भागात नव्या गाड्यांचा सुकाळ आहे हेही खरं. जगभरात त्याने साधारण ५६ कोटी डॉलरचा गल्ला केला, पहिल्यापेक्षा जास्त. पण नुसती खेळणीच विकायची असती तर चकचकीत गाडी नायक केली असती. पहिल्या भागाच्या प्रचारासाठी देशोदेशी फिरताना लॅसेटर यांना सारखं वाटायचं, मेटर इथे आला तर काय करेल. गोष्ट तिथून निघाली. परदेशात गेलेला, कुठे काय बोलावं न कळणारा, तरी सगळ्यांना नमस्कार घालत सुटणारा माणूस सोलापूरकराला अनोळखी नाही.

लहान मुलांना दाखवावा का?

सात-आठ वर्षांपुढच्यांना बिनधास्त. त्याहून लहान असतील तर वर सांगितलेल्या दोन मरणांच्या वेळी शेजारी बसा. सुरुवातीचा, समुद्रातल्या तेलविहिरींवरचा रात्रीचा प्रसंग मोठ्या पडद्यावर दाखवा. त्या पाण्यासाठी आणि मायकेल जियाकिनोच्या संगीतासाठी.

दुसरा वगळून थेट तिसरा बघितला तर चालेल का?

गोष्ट कळायला काही अडचण नाही. तिसरा भाग दुसऱ्याचं नावही फारसं काढत नाही. ज्यांना दुसरा आवडला नाही ते यावर खूश असतात, मला वाईट वाटतं.

काउंटरवरची ती गाडी विकायची का?

नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, घेतलीय, होम मैदानावरच्या एका खेळण्याच्या दुकानातून. अस्सल कंपनीची नाही, डोळे जरा तिरळे रंगवलेत, मागचा हूक मात्र खरंच खालीवर होतो. तसल्या अजून हव्या असतील तर जानेवारीत गड्ड्यावर बघा.

तुमच्या अप्पांना पिक्चर आवडला का?

शेवटी इंग्लंडची राणी मेटरला किताब देते, ते बघताना ते काही बोलले नाहीत. पिक्चर संपल्यावर म्हणाले, ‘त्यो बोल्ट परत दाव.’ ग्विडो पाने लावून बघतो तो तुकडा मी तीनदा लावला. मग ते भिंतीला धरत मागच्या खोलीत गेले. बराच वेळ पत्र्याचा आवाज येत राहिला. परत आले ते डबा घेऊनच. भाच्याला समोर बसवलं, डोळ्यांना नीट दिसत नसल्याने अंगठ्याने आकडा चाचपत एकेक पाना काढला आणि त्याच्या हातात दिला. ‘ह्यो पाव इंची. ह्येच्यावर लिवलंय ते दांड्याचं माप, डोक्याचं न्हवं. समजलं का?’ भाच्याने मान हलवली. मी दारात उभी होते. अप्पा म्हणाले, ‘तू बी ये की. तुला कदी दावलंच न्हाई.’